मातीचे देणे : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

वाचकहो, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपणांस नवे नाही. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून मराठी वाचणाऱ्या माणसाला, मग तो पुण्यात राहो, बेळगावात राहो की इंदूर-बडोद्यास, अमेरिकेतील या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची निदान तोंडओळख तरी असतेच. मात्र कार्व्हरांनी काय केले असे विचारले, तर बहुतेक जण भुईमुगाचे नाव घेतील. शेंगदाण्यापासून शेकडो पदार्थ काढणारा किमयागार अशी त्यांची मूर्ती आपल्या मनात ठसली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. भुईमुगाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते पन्नाशीनंतर. त्याआधीची वीस वर्षे, आणि पुढेही अखेरपर्यंत, ज्या गोष्टीचा त्यांनी ध्यास घेतला ती मुळीच दिमाखदार नव्हती. शेण, पालापाचोळा, दलदलीतला काळा गाळ, चिंध्या, तण : थोडक्यात, उकिरडा.

विषयात शिरण्यापूर्वी एका शब्दाविषयी थोडे. इंग्रजीत शेणामुताच्या, कुजवलेल्या खताला एक शब्द आहे आणि कारखान्यातून गोणीत भरून येणाऱ्या खताला दुसरा. मराठीत आपण दोहोंना खतच म्हणतो. फार तर शेणखत आणि रासायनिक खत असा भेद करतो. भाषांतर करणाऱ्याला अशा जागी थांबावे लागते. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील निष्फळ अंजिराच्या दाखल्यात माळी झाडाभोवती खणून जे घालू इच्छितो, त्यासाठी मूळ ग्रीक शब्द सरळसरळ शेणाचा आहे. आजचा शहरी वाचक ‘खत’ वाचून पांढऱ्या दाण्यांची गोणी डोळ्यांपुढे आणील, तर दाखल्याचा वासच उडून जाईल. शिवाय मराठीत खत म्हणजे दस्तऐवजही : कर्जखत, खरेदीखत. तो शब्द अरबी-फार्सीच्या वाटेने आला. त्याचे शेणखताशी नाते नाही. परंतु कार्व्हर ज्या मुलखात जाऊन राहिले, तेथे गोणीतले खत आणि कर्जखत ही दोन्ही एकाच दुकानात मिळत असत. त्यांच्या कार्याचा सारा अर्थ या एका गोष्टीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कार्व्हरांचा जन्म सुमारे १८६४ साली मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामांच्या मुलांची नोंद कोण ठेवणार? त्यांची आई मेरी ही मोझेस आणि सूझन कार्व्हर या जर्मन वंशाच्या शेतकरी दांपत्याची गुलाम होती. यादवी युद्धाच्या त्या अंदाधुंदीत लुटारूंनी मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेले. मोझेसने शोधासाठी धाडलेल्या माणसाला मूल तेवढे मिळाले, आई मिळाली नाही. त्याबद्दल त्या माणसाला मोझेसने आपला शर्यतीचा घोडा दिला. जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांना पुढे या दांपत्यानेच वाढविले.

मूल अशक्त होते. शेतातली जड कामे जमत नसल्याने जॉर्जच्या वाट्याला घरकाम आणि परसातली भाजी आली. सूझनच्या हाताखाली तो वाफे राखू लागला, रोपे जगवू लागला. मरू घातलेले रोप त्याच्या हाती दिले की ते टवटवीत होते अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती झाली आणि लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले. जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा निओशो या गावी चालत गेला. तेथे मराया वॉटकिन्स या सुईणीने त्याला आसरा दिला. तिने दिलेले पवित्र शास्त्र त्याने जन्मभर जपले व रोज वाचले.

त्यानंतरची वर्षे भटकंतीची आहेत. कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची हत्या केलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि ते गाव सोडले. १८८५ साली हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला. प्रत्यक्ष पाहताच कातडीच्या रंगावरून नाकारला. मग त्यांनी माळरानावर सरकारी जमीन घेऊन गवताच्या ढेपांचे घर बांधले आणि काही एकर रान स्वतः फोडले. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पोट भरले. १८९० साली आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात चित्रकला शिकण्यासाठी त्यांचे नाव दाखल झाले. तेथील चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांची वनस्पतींची जाण ओळखून त्यांना एम्स येथील कृषी महाविद्यालयाचा रस्ता दाखविला. १८९४ साली पदवी, १८९६ साली पदव्युत्तर पदवी. त्या संस्थेतले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी व पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. तेथेच राहिले असते तर बुरशीशास्त्रातले मोठे संशोधक म्हणून सुखात आयुष्य गेले असते, यात शंका नाही.

पण १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी त्यांनी काढलेल्या शाळेत शेतीविभाग सुरू व्हायचा होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कार्व्हर तेथे पोहोचले. आयोवाची काळी, लोण्यासारखी माती पाहिलेल्या या माणसाला दिसले काय? झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत लावलेला कापूस, आणि त्याखाली फिकट, वाळूसर, पावसाने घळी पडलेली जमीन. परसबाग नाही, गोठा नाही, की उकिरडा नाही.

ही जमीन अशी का झाली होती? पिढ्यान्‌पिढ्या एकच पीक. कापूस निघाल्यावर हिवाळ्याच्या पावसात रान उघडे राही आणि वरची सुपीक माती वाहून जाई. पऱ्हाट्या आणि पाने जाळून टाकण्याची चाल होती. ज्यातून घेतले त्याला परत काही द्यावयाचे नाही, असाच तो व्यवहार होता. कस उतरल्यावर गोणीतले खत आले. ते दुकानदार उधारीवर देई, आणि तारण म्हणून उभे पीक लिहून घेई. कर्ज फेडण्यासाठी विकता येणारे पीक हवे, म्हणजे पुन्हा कापूस. कापसाला पुन्हा खत, खताला पुन्हा कर्ज. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, पण वर्षअखेरीस दुकानदाराच्या वहीपुढे उभ्या राहिलेल्या कुळाला ती संपल्याचे कितपत जाणवत असेल?

अलाबामाच्या विधिमंडळाने १८९७ साली टस्कीगीस प्रयोगक्षेत्र मंजूर केले. त्यासाठी वर्षाला १,५०० डॉलर ठरले. प्रयोगशाळा नव्हतीच. कार्व्हर विद्यार्थ्यांना घेऊन कचऱ्याच्या ढिगांकडे गेले आणि फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, तारा गोळा करून त्यांनी उपकरणे केली. प्रयोगासाठी दहा एकरांचे रान मिळाले, तेही निकस. पहिल्या वर्षी त्यात नुकसानच आले. प्रारंभी विकतच्या खतांचेही प्रयोग त्यांनी केले, कारण आयोवात तेच शास्त्र शिकविले जात होते. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला गोणीचा उपदेश करणे म्हणजे त्याला दुकानदाराच्या दारात उभे करणे होय. तेव्हा ज्याला पैसा पडत नाही ते काय आहे, याचा शोध त्यांनी सुरू केला.

शोध लांब नव्हता. रानात पाइन आणि ओकच्या पानांचा खच पडलेला होता. सखल दलदलीत शेकडो वर्षांचा कुजका काळा गाळ साठलेला होता. विद्यार्थ्यांनी तो गाड्या भरभरून वाहिला. घळींमध्ये पाइनचे शेंडे, गवत, पऱ्हाट्या, पाने असे जे कुजेल ते दडपून त्या बुजवीत आणल्या. मग चवळी पेरली. चवळीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. शेंगा माणसाने खाव्यात, पाला जनावराला घालावा, उरलेले रानात गाडावे. आपल्याकडच्या जाणत्या शेतकऱ्याला बेवड हा शब्द ठाऊक आहे. आधीच्या पिकाचे पुढच्या पिकाला होणारे देणे. ते देणे कार्व्हर तेथे नव्याने शिकवीत होते. काही वर्षांतच तेच रान नफा देऊ लागले. ही सारी हकिगत त्यांनी १९०५ साली, झिजलेल्या जमिनी कशा सुधाराव्यात, या विषयावरील पत्रिकेत साध्या भाषेत मांडली.

वाचकहो, त्यांच्या उकिरड्याची रीत आपण बारकाईने पाहू, कारण ती आजही कोणाच्याही परसात जमण्याजोगी आहे. लाकडाच्या ओंडक्यांचा किंवा फळ्यांचा एक चौकोनी कोंडवाडा करावयाचा. त्यात आधी पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ, किंवा गाळ नसेल तर रानातली सुपीक माती, यांचा जाड थर. त्यावर गोठ्यातल्या शेणाचा थर. पुन्हा पाने आणि माती, पुन्हा शेण. शेण थोडे आणि पाला अधिक, कारण गरिबाकडे जनावरे थोडी. जुन्या चिंध्या, कागद, तण, रस्त्याचा केर, जे जे कुजते त्या सर्वांना या ढिगात जागा होती. वर साधे छप्पर, म्हणजे पावसाने सत्त्व धुऊन जाऊ नये. हिवाळाभर ढीग मुरू द्यावयाचा आणि वसंतात, पेरणीच्या वेळी, रानात पसरून मातीत मिसळावयाचा.

ताजे शेण तसेच वाफ्यात का घालू नये, असे कोणी विचारील. ताजे शेण कुजताना तापते. कोवळी मुळे त्याने करपतात. जनावराच्या पोटातून न पचता आलेले तणांचे बीही त्यात जिवंत असते. ढिगात उष्णता वाढली की त्यातले बरेचसे मरते. मुरलेले खत हाताला भुसभुशीत, काळसर लागते आणि त्याला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही, असे समजावे.

वाळूसर जमिनीत त्याचे खरे काम पोषणाइतकेच पाणी धरण्याचे असते. गोणीतले नत्र पाण्यात चटकन विरघळते. वाळूत पाऊस पडला की ते चाळणीतून पाणी जावे तसे खाली निघून जाते. कुजलेला पाला मात्र ओलावाही धरतो आणि ते नत्रही. म्हणून कार्व्हर विकतच्या खताचे शत्रू नव्हते. पण मातीत आधी सत्त्व भरल्याशिवाय वरून टाकलेले खत म्हणजे गरिबाचे वाहून जाणारे पैसे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे भरखते आणि वरखते असे दोन नेमके शब्द आहेत. आधी भरखत, मग गरज पडलीच तर वरखत, हा क्रम त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

आणि या खताचा पहिला हक्क कोणाचा? भाजीच्या वाफ्याचा. त्या मुलखातल्या गरिबांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. या अन्नाने पेलाग्रा नावाचा रोग होई. कातडी सोलून निघे, बुद्धी भ्रमे, माणूस दगावे. अपुऱ्या अन्नामुळे हा रोग होतो हे अमेरिकेत सिद्ध होण्यास १९१५ च्या सुमारास सुरुवात झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून कार्व्हर घरोघरी परसबागेचा आग्रह धरीत होते. रान जमीनदाराचे, तेथे कापूसच लावावा लागे. पण झोपडीभोवतीची चार हात जागा तरी ढिगातल्या खताने तयार करावी, तीत पालेभाज्या, कांदे, टोमॅटो, रताळी लावावीत, हे ते सांगत. भाजी पिकली तरी ती रांधावी कशी, टिकवावी कशी, हे बायकांना माहीत नसते असे दिसल्यावर त्यांनी त्यावरही पत्रिका लिहिल्या. १९१८ सालच्या पत्रिकेत टोमॅटो कसा लावावा याच्या जोडीला तो ताटात वाढण्याचे ११५ प्रकार दिले आहेत. काही प्रकार एकमेकांच्या फार जवळचे आहेत, हे खरे. पण ज्या घरात टोमॅटो कधी आलाच नव्हता त्या घरासाठी ते लिहिलेले आहेत, हे विसरू नये.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी १९०६ साली एक खेचरगाडी सिद्ध झाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसा दिला म्हणून ती जेसप गाडी. नांगर, बियाणे, लोणी काढण्याची साधने घेऊन ती खेड्यांतून फिरे. पुढे टॉमस कॅम्बेल हे कार्व्हरांचे विद्यार्थी ती चालवू लागले.

आता एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे, कारण चरित्रे ती बहुधा गाळतात. कार्व्हरांचा उपदेश अचूक होता, तरी तो ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना पाळणे जड होते. ते कूळ होते. रान दुसऱ्याचे, खेचर दुसऱ्याचे, आणि पुढच्या वर्षी याच झोपडीत राहू याची शाश्वती नाही. दलदलीतून गाळ वाहून आणण्यास दिवस लागतात. जमीन सुधारण्यास वर्षे लागतात. तीन वर्षांनी काळी होणारी माती जमीनदाराची होणार असेल, तर भुकेल्या माणसाने ते कष्ट का करावेत? कार्व्हर जमीनदारीविरुद्ध उघडपणे बोलले नाहीत. दक्षिणेत त्या काळी तसे बोलणाऱ्या कृष्णवर्णीयाचे काय होई, हे त्यांनी पोरवयात फोर्ट स्कॉटला पाहिले होते. हे भय म्हणावे की शहाणपण, याचा निवाडा सुरक्षित घरात बसून करणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा तुकडा होता त्यांना मात्र या ढिगाने दुकानदारापासून सोडविले.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. संस्थेच्या कोंबड्यांचा विभाग त्यांच्याकडे होता, तो नीट चालला नाही. हिशोब जुळत नसत, अहवाल वेळेवर येत नसत. यावरून वॉशिंग्टन यांच्याशी वर्षानुवर्षे खटके उडाले आणि कार्व्हरांनी राजीनाम्याच्या धमक्याही पुष्कळ दिल्या. परंतु पहाटे चार वाजता उठून रानात एकटे फिरणे, तेथे प्रार्थना करणे, नमुने गोळा करून उजाडता परतणे हा क्रम चुकला नाही. काही विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून त्यांनी पवित्र शास्त्राचा वर्ग सुरू केला. तो पुढे अनेक वर्षे चालला. अंगात जुना कोट, पण त्याच्या काजात रोज ताजे फूल.

भुईमुगाकडे ते वळले तेही मातीपायीच. चवळीप्रमाणे तोही नत्र धरतो, आणि १९१० च्या सुमारास बोंडाचा भुंगा अलाबामात शिरून कापूस फस्त करू लागला तेव्हा दुसरे पीक हवेच होते. पीक लावा म्हटले तर ते खपवायचे कसे, म्हणून पदार्थ. १९१६ साली भुईमुगावरील पत्रिका निघाली, १९२१ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे आयात-कराविषयी त्यांची साक्ष गाजली, आणि कीर्तीचा पूर आला. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे अजूनही छापले जाते. ते खरे नाही. त्यांच्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात फारच थोडे टिकले. वर्तमानपत्रांना किमयागार हवा होता; उकिरडा लावायला शिकविणारा मास्तर त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

या टस्कीगीचा भारताशीही धागा जुळला. दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज १९२९ साली तेथे गेले होते. त्यांच्या ओळखीतून कार्व्हरांचा गांधीजींशी आहार आणि शेती या विषयांवर संबंध आला. आणि योगायोग पाहा, त्याच सुमारास आपल्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ आपल्या शेतकऱ्यांची जुनी रीत पाहून पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवीत होते. इंदूर पद्धत या नावाने ती जगभर गेली.

१९३६ साली कार्व्हर सत्तरी ओलांडून गेले होते. पदक, सन्माननीय पदवी हे सर्व होऊन गेले होते. त्या वर्षी त्यांनी पुन्हा जमिनीचा मूळ कस कसा राखावा यावर पत्रिका काढली. कोंडवाडा, पाने, गाळ, शेण, छप्पर, सारे पुन्हा तेच. १९४० साली आयुष्यभराची शिल्लक त्यांनी कृषिसंशोधनाच्या निधीला देण्यास आरंभ केला. मृत्यूनंतर सर्व मिळून ती सुमारे ६०,००० डॉलर भरली. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, रानात आपोआप उगवणाऱ्या खाण्याजोग्या भाज्यांवर त्यांनी पत्रिका लिहिली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे निधन झाले. तेथेच, बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी, त्यांना मातीत ठेवण्यात आले.